उसवलेला गोफ

मे महिन्यात विक्रोळी पार्कसाइटची ती गल्ली निम्मी गावाला जाते. दारांना कुलपं लागतात, तुळशी शेजाऱ्यांच्या भरवशावर राहतात, आणि जे मागं उरतात त्यांना एकमेकांच्या घरात पडलेला चमचाही ऐकू येतो. यंदा मागं उरलेल्यांत सुगंधा साटम होती. गावच्या घराचे वासे उतरवलेले. दिरानं फोनवर सांगून टाकलं होतं, "येवा, पण झोपतलात खंय?"

नवरा चंद्रप्रकाश शाळेची व्हॅन चालवायचा. शाळा बंद म्हणजे व्हॅन बंद. पहिले आठ दिवस त्यानं ती धुतली, पुसली, सीटची फाटकी कव्हरं स्वतः दाभण घेऊन शिवली. मग तो घरात बसला. एवढ्याशा खोलीत रिकामा बसलेला पुरुष कपाटापेक्षा जास्त जागा घेतो. त्यातून जमिनीवर मणी. दिवसातून एकदा तरी एखादा त्याच्या टाचेखाली यायचा आणि तो कळवळायचा, "घर आहे की खडीचं मैदान?"

"चपला घाला ना घरात," सुगंधा मान वर न करता म्हणायची.

ती पाटावर बसून मणी ओवायची. घाटकोपरला शीतलचं छोटं दुकान होतं, खोट्या दागिन्यांचं. शीतल मणी, नायलॉनचा दोरा आणि हुक द्यायची. सुगंधा त्यांची ब्रेसलेटं, किल्ल्यांची लटकनं, मोबाइलला बांधायच्या माळा करून न्यायची. सगळ्यात खप निळ्या डोळ्याच्या मण्यांचा. नजर लागू नये म्हणून कॉलेजच्या पोरी ते बॅगेला लटकवायच्या. "सगळ्या घाटकोपरची नजर मी काढते," सुगंधा म्हणायची, "आणि माझीच नजर चाललीय."

त्या सोमवारी ती पिशवी घेऊन दुकानात गेली, तर शीतलनं पिशवी उघडलीसुद्धा नाही. काउंटरखाली सरकवून दिली.

"हे आता तयार येतं गं," ती म्हणाली. "पोत्यानं. तुझ्यासारखी गाठ नसते, पण बघतंय कोण?"

काउंटरच्या काचेवर सुगंधाच्याच बोटांचे ठसे उठले होते, ते ती पदरानं पुसत राहिली.

शीतलनं खणातून एक रुमाल काढला. "हे बघ. मुलुंडच्या एक बाई आहेत, मृणालिनी कर्णिक. जुन्या गिऱ्हाईक. रुमालात पत्ता, फोन सगळं आहे. ह्याच्या एका टोकावरची धातूची टोपी निघालीय. टोपी बसव, हुक लाव, बस. पुढच्या रविवारी त्यांच्या नातीचा साखरपुडा आहे, तिला घालायचंय. नीट केलंस तर जुन्या जिनसांच्या दुरुस्तीचं सगळं काम तुझ्याकडे. कारागीरच मिळत नाहीत यार."

रुमालात मण्यांचा गोफ होता. करंगळीएवढा जाड, हातभर लांब. निळ्या मण्यांची रेघ त्याच्या अंगावर वेलीसारखी फिरत गेली होती, तिच्यामागून पांढरे, आणि त्यांच्यामधून लाल-हिरव्या ठिपक्यांची दुसरी वेल. सुगंधानं तो हातात घेतला आणि तो बोटांवरून सापासारखा ओघळला. थंडगार.

"कसा केलाय हा?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत! तू टोपी बसव."

घरी येऊन तिनं हात धुतले, गोफ पांढऱ्या कापडावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला. वीस वर्षं ती मणी ओवत होती. एका सुईचं काम, दोन सुयांचं काम, चौकड्यांची वीण, पाकळ्यांची वीण. कुठलीही माळ हातात आली की दोरा कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला हे तिला झटकन कळायचं. इथं दोरा दिसतच नव्हता. प्रत्येक मणी शेजारच्याला चिकटून तिरका बसलेला, जणू कुणी पोकळ नळीवर एकेक उगवला होता.

मुलगी अक्षता बारावीची परीक्षा देऊन मोकळी होती. तिनं मोबाइलनं गोफाचा फोटो काढून शोधलं. मोबाइलनं दोनशे प्रकारचे हार विकायला काढले.

"कसं करतात ते विचार ना," सुगंधा म्हणाली.

"अगं आई, ह्याला म्हणतात काय ते माहीत पाहिजे. नाव नाही तर शोधू कसं?"

"नाव माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

टोपी बसवणं पाच मिनिटांचं काम होतं. सुगंधानं ते सोमवारी केलं नाही, मंगळवारी केलं नाही. गोफ बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता आणि ती सारखी डबा उघडत होती. भाजी चिरताना, भांडी घासताना डोळ्यांसमोर तो फिरायचा. तिचा हा स्वभाव लहानपणचा. गावी असताना तिनं सुगरणीचा रिकामा खोपा काडी काडी सोडवून पाहिला होता, आतला मजला कसा बांधलाय म्हणून. परत विणता आला नाही तेव्हा वडिलांनी पाठीत धपाटा घातला होता. पण आत मजला असतो आणि तो ओल्या मातीच्या गोळ्यांनी जड केलेला असतो, हे सगळ्या वर्गात तिला एकटीला माहीत होतं.

बुधवारी दुपारी चंद्रप्रकाश भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पंखा गरम हवा फिरवत होता. सुगंधानं एकदाची टोपी घेतली, गोंदाची ट्यूब घेतली, आणि गोफाचं उघडं टोक तपासलं. तिथं जुनी गाठ होती, पण कुजलेली. नख लागताच तिचा भुगा झाला आणि आतून दोऱ्याचं बोटभर शेपूट बाहेर आलं.

ते तिनं कापलं असतं, गोंद लावला असता, तर तिथंच संपलं असतं. तिनं ते हलकेच ओढलं.

एक मणी सुटला. पडला नाही. दोऱ्यावरच राहिला, नुसता जागेवरून सुटून लोंबायला लागला. तिनं अजून ओढलं. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी बारीक झटका बसायचा आणि दोरा नागमोडी होऊन बाहेर यायचा. थांब, असं ती मनात म्हणत होती आणि हात ओढत होता. वीतभर गोफ संपला तेव्हा तिच्या मांडीवर मण्यांची एक लांब सरळ माळ पडली होती. अख्ख्या कामात दोरा एकच. तुटक नाही, जोड नाही, आणि सुई एकदाही मण्यात परत शिरलेली नाही.

"सुई नाहीच," ती मोठ्यानं म्हणाली.

चंद्रप्रकाश जागा झाला. त्यानं मांडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "हे त्या मुलुंडच्या बाईचं ना?"

"हो."

"वाट लावलीस."

"हो," सुगंधा म्हणाली. मग सगळं कापडात गुंडाळून ती उठली.

गल्लीत शेवटच्या खोलीत सुंदराबाई परब राहायची. वय ऐंशीच्या घरात. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा पिकायची वाट बघत होती. सुगंधा गोफ घेऊन तिच्या उंबऱ्यावर बसली. सुंदराबाईनं पाहिलं कमी आणि बोटांनी चाचपलं जास्त. नागमोडी दोरा तिनं दोन नखांत धरून ताणला आणि सोडला. तो परत वळला.

"अगो, ह्यां सुयेचां काम न्हय," ती म्हणाली. "ह्यां क्रोशाचां. आदी सगळे मणी दोऱ्यात ओवूचे, मगे आकड्यान एक एक खेचून फासो घालूचो. आमच्या मास्तरणीन माका शिकवल्यान हुता. साठ-पासष्ट वर्सां झाली."

क्रोशाचे रुमाल सुगंधाच्या टीव्हीवर होते, आईनं दिलेले. पण क्रोशा म्हणजे दोऱ्याचा आणि मणी म्हणजे सुईचे. दोन्हींचा संबंध असेल असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

"मग एवढा उसवलेला भाग मी परत घालू?"

सुंदराबाईनं दोरा दोन्ही हातांत धरून किंचित ओढला. तो तटकन तुटला. "बघ. कुजलेलो. ह्येका नवो जोडलंस तर साखरपुड्यात चार बायकांसमोर तुटतलो. सगळोच काढ आणि नव्या दोऱ्यात घाल." मग पत्र्याच्या पेटीतून तिनं एक आकडी काढून दिली. बारीक, पोलादी, मधे अंगठ्याच्या जागी झिजलेली.

सगळाच काढ. सुगंधाला दोन दिवस आधी हे कुणी सांगितलं असतं तर तिनं कानांवर हात ठेवले असते. आता दुसरा रस्ता नव्हता.

गुरुवारी सकाळी तिनं नव्या दोऱ्याचं टोक जुन्या दोऱ्याच्या टोकाला गोंदानं चिकटवलं. गोफ थोडा उसवायचा आणि सुटलेले मणी एकेक करून जुन्यावरून नव्यावर सरकवायचे. क्रम जसा होता तसाच पुढं जायचा. चंद्रप्रकाश आधी लांबून बघत होता. मग त्यानं गोफाचं दुसरं टोक धरलं, कारण ते पाटावरून घसरत होतं आणि ते त्याला बघवेना. मग ते त्याच्याकडेच राहिलं.

"सोडू?"

"हळू. दोन मणी सोडा. थांबा."

"हे तुझं क्लचसारखं आहे," तो म्हणाला. "एकदम सोडलं की गाडी बंद."

मधेच दार वाजलं. शेजारच्या खोलीतला माणूस पाण्याची बाटली मागायला आला आणि चंद्रप्रकाशला मण्यांच्या पाटापुढं मांडी घालून बसलेला बघून हसला. "काय साटम, ड्युटी बदलली?" चंद्रप्रकाशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं हात काढला नाही. पण माणूस गेल्यावर दार लोटून घेतलं, त्या उकाड्यात.

अर्ध्याच्या पुढं गेले असतील, तेव्हा जुना दोरा जोडाच्या मागंच तुटला. तीस-चाळीस मणी पाटावर, पाटावरून फरशीवर, फरशीवरून कपाटाखाली गेले. तिघंही जमिनीवर आडवे झाले. अक्षतानं मोबाइलचा उजेड मारला. चंद्रप्रकाशनं गाल फरशीला लावून कपाटाखालचे मणी झाडूच्या काडीनं ओढले. सगळे सापडले असं वाटलं. पण आता क्रम?

"पॅटर्न असेल ना," अक्षता म्हणाली. "आधीचं बघून लाव."

सुगंधानं नव्या दोऱ्यावरची माळ लांब पसरली आणि टोकापासून वाचायला घेतली. निळा, दोन पांढरे, एक रंगीत, दोन पांढरे. पुन्हा निळा. हे कुठंच चुकलेलं नव्हतं. रंगीत मण्यांत सुरुवातीला तीन लाल, मग तीन हिरवे, मग तीन लाल. वीत-दोन वीत हे बरोबर चाललं होतं. पुढं मात्र दोन लाल, एक हिरवा, एक लाल, चार हिरवे, एक लाल. त्याला नियमच नव्हता. तिनं सगळी माळ वाचली. अजून न उसवलेला गोफ डोळ्यांजवळ धरून वाचला. निळ्यात एकही चूक नाही. लाल-हिरव्यात नुसता गोंधळ.

तिला सांडलेल्या मण्यांचा विसर पडला.

"अहो, हे बघा ना. एवढा काटेकोर माणूस. हजारभर मण्यांत निळा कधी चुकला नाही. मग इथंच कसा चुकतो? आणि सुरुवातीला बरोबर ओवलंय. जे आता आधी निघालं, ते ओवताना पहिलं ओवलेलं."

"लाल मणी संपले असतील."

"संपले नाहीत. शेवटपर्यंत आहेत दोन्ही."

"कंटाळा आला असेल."

"कंटाळा आला तर निळाही चुकला असता."

चंद्रप्रकाशनं एक लाल आणि एक हिरवा मणी तळहातावर घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "आमच्याबरोबर एक पोरगा होता, देवगडचा. कंपनीच्या बसवर भरती होती. डोळे तपासायला ठिपक्यांचं पुस्तक देतात, ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. आम्ही सगळे पटापटा वाचतोय आणि हा म्हणतो, कुठाय आकडा? आम्ही हसलो. त्याला वाटलं आम्ही मस्करी करतोय, आकडा नाहीच आहे. लाल आणि हिरवा त्याला सारखाच दिसायचा. तोवर त्याचं त्यालाच माहीत नव्हतं." मणी त्यानं परत वाटीत टाकले. "परत गावाला गेला तो."

सुगंधा सरळ होऊन बसली. पाठीत कळ आली तरी तिला ती जाणवली नाही. म्हणजे कुणीतरी असंच बसलं होतं, हातात सुई घेऊन, एकेक मणी डोळ्यांजवळ धरून, अजिबात न चुकता. आणि ज्याला चूक म्हणतात ती त्याला दिसतच नव्हती. कोण असेल? सुरुवातीला कुणी शेजारी बसून सांगत असेल का? मग ते माणूस उठून कुठं गेलं?

सांडलेल्या भागातले निळे-पांढरे तिनं नियमानं ओवले. रंगीत मण्यांच्या वेळी ती वाटीत बघायची नाही. डोळे मिटून बोटाला लागेल तो घ्यायची. अक्षता म्हणाली, "आई, तू पण ना." पण तिलाही ते बरोबर वाटलं असावं, कारण ती हसली नाही.

मग गुंफण. पहिल्या दिवशी तिनं बोटभर घातलं आणि चार वेळा उसवलं. आकडी फाशात शिरवायची, मणी ओढायचा, तो उजवीकडे पाडायचा, दोरा वरून घ्यायचा. सहा मण्यांची फेरी. एक मणी डावीकडे पडला की सगळी नळी वाकडी. सुंदराबाई काठी टेकत येऊन बसायची आणि चाचपून म्हणायची, "घट. अजून घट." शनिवारी हाताला वळण पडलं. सोमवारपर्यंत अंगठ्याच्या बाजूला फोड आला, फुटला, त्यावर तिनं चिकटपट्टी लावली. पाठीचा घाम परकराच्या नाडीपर्यंत उतरायचा. स्वयंपाक अक्षता करायची, एकदा चंद्रप्रकाशनं पिठलं केलं, गुठळ्यांचं, आणि कुणी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "गुठळ्या मोजू नका." शुक्रवारी संध्याकाळी टोपी बसली. पाच मिनिटांचं काम.

शीतलनं फोनवर सांगितलं, दुकान बंद आहे, तू परस्पर मुलुंडला नेऊन दे.

चंद्रप्रकाश म्हणाला, "व्हॅननं सोडतो." सव्वा महिना न हललेली व्हॅन दोनदा खोकून सुरू झाली. कर्णिकांच्या सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं काठी आडवी धरली. "स्कूल व्हॅन आत नाही. बाहेर लाव. इथं पण नाही, पुढं." चंद्रप्रकाशनं गाडी पुढं घेतली आणि काचेतून खूण केली, जा तू.

मृणालिनीबाई सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, सुती साडीतल्या. त्यांनी सुगंधाला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि पन्हं दिलं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान श्यामकांत पेंढ्यात हात घालून आंबे निवडत बसले होते. एकेक आंबा नाकाशी नेत, देठाजवळ दाबून बघत आणि दोनपैकी एका टोपलीत टाकत.

मृणालिनीबाईंनी गोफ गळ्यात घातला आणि आरशात पाहिलं. "अगदी होता तसा. उलट उजळलाय. धुतलात का?"

"मणी पुसले," सुगंधा म्हणाली. खोटं नव्हतं.

"सासूबाईंच्या हातचा आहे. लग्नात त्यांनी माझ्या गळ्यात घातला. आता आमची नात सई घालील."

पन्हं संपलं होतं. पेला खाली ठेवून उठायचं, एवढंच उरलं होतं. शीतलचं दुरुस्तीचं काम मिळणार होतं. सुगंधा उठलीसुद्धा. चपलेत एक पाय घातला आणि तशीच उभी राहिली.

"तुमच्या सासूबाईंना रंग दिसायचे ना नीट?"

"म्हणजे?"

"लाल आणि हिरवा. वेगळे कळायचे?"

मृणालिनीबाई हसल्या. "रंगांच्या बाबतीत त्या इतक्या चोखंदळ होत्या, माझ्या ब्लाउजचा धागासुद्धा जुळवून आणायच्या. का हो?"

"मग हा त्यांनी ओवलेला नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. सुगंधानं पाय चपलेतून काढला आणि सांगितलं. गाठ कुजली होती इथपासून. दोरा ओढला, थांबता आलं असतं, थांबले नाही, मग सगळाच उसवावा लागला, तीस-चाळीस मणी सांडले, तेवढ्यातला क्रम माझा आहे. आणि लाल-हिरव्याचं.

मृणालिनीबाईंचा चेहरा बोलण्याबरोबर बदलत गेला. त्यांनी गोफ गळ्यातून काढून टीपॉयवर ठेवला, जरा लांबच.

"कोणाला विचारून उघडलात?"

"कोणाला नाही."

"टोपी बसवायला दिला होता ना? तुम्हाला कळतंय का काय केलंत? त्यांच्या हातचा म्हणून जपला होता मी. आता तो तुमच्या हातचा झाला."

"मणी तेच आहेत, बाई."

"हात ते नाहीत ना!"

ते खरं होतं, आणि इतके दिवस ते सुगंधाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं खाली मान घातली. फोडावरची चिकटपट्टी सुटली होती, ती दाबत राहिली.

"हात आईचे नव्हतेच, मृणाल," श्यामकांत म्हणाले.

दोघी वळल्या. त्यांच्या हातात आंबा तसाच होता.

"मी केलाय तो. तेरा वर्षांचा होतो. जांभळावरून पडलो, मांडीचं हाड मोडलं. तीन महिने पायाला वजन लावून उताणा. वाचून वाचून डोकं उठलं, तेव्हा आईनं हे शिकवलं. ओवायला बसलो तेव्हा ती शेजारी बसून द्यायची, हा घे, आता हा घे. पुढं तिला घरातून सवड होईना. दोन वाट्या उशाशी ठेवून जायची. मला वाटायचं, दोन्ही वाट्यांत एकच मणी आहेत, आई उगाच दोन वाट्या करते. मी त्या एकात एक ओतल्या."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?" मृणालिनीबाई एकेरीवर आल्या होत्या आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"अण्णांना कळलं असतं तर त्यांनी बंबात घातला असता. पोराच्या हातात बायकांचं काम! आई म्हणाली, माझा आहे. ती ते शेवटपर्यंत म्हणत राहिली. मग तुला घातला तेव्हा मी कशाला मधे बोलू?" त्यांनी आंबा पेंढ्यात ठेवला. "तिनं मला रंग चुकले म्हणून एका शब्दानं सांगितलं नाही. पुढं बोटीवर जायचं ठरलं, मेडिकलला बसलो, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं."

मृणालिनीबाई टोपल्यांकडे बघत होत्या. "मला वाटायचं, आंबे हुंगून निवडायची तुम्हाला हौस आहे."

त्यांनी पुढं होऊन गोफ उचलला आणि रंगीत मण्यांवरून बोट फिरवलं. दोन लाल, एक हिरवा, एक लाल, चार हिरवे. बराच वेळ त्या तेच करत राहिल्या.

"सई हाच घालील," त्या शेवटी म्हणाल्या. मग सुगंधाकडे वळून, आवाज पुन्हा कोरडा करून, "पण न विचारता उघडलात, हे मी शीतलला सांगणार आहे."

"सांगा," सुगंधा म्हणाली.

"आणि नव्यानं विणलात, हेही सांगेन."

श्यामकांतांनी हात पुढं केला. मृणालिनीबाईंनी गोफ त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, लांब धरला, वीण दाबून पाहिली. "माझ्यापेक्षा घट्ट आहे," ते म्हणाले. मग त्यातल्या दोन मण्यांवर नख ठेवून सुगंधाला विचारलं, "ह्यातला लाल कुठला?"

"अलीकडचा."

"मला दोन्ही मातीसारखे. लोक लाल लाल म्हणतात. कसा असतो हो तो?"

"अहो, हे काय विचारणं?" मृणालिनीबाई म्हणाल्या.

सुगंधानं तोंड उघडलं. कोकमासारखा म्हणावं तर कोकमही त्यांना मातीसारखंच दिसणार. कुंकू, मिरची, जास्वंद. एकेक नाव ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. आयुष्यभर लाल मणी ओवले आणि लाल म्हणजे काय हे सांगायला तिच्याजवळ लाल सोडून दुसरा शब्द नव्हता.

"मला नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. "पण तुम्हाला दिसतो तो कसा, ते सांगा ना. मातीसारखा म्हणजे कुठल्या मातीसारखा? सुक्या की ओल्या?"

खाली रस्त्यावर व्हॅनचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. सुगंधा श्यामकांतांच्या खुर्चीपाशी फरशीवर बसली आणि त्यांच्या नखाखालच्या मण्याकडे वाकून बघू लागली.